विमलनं ठोकलेला पत्रा

"लुगडं आना, शेवंताबाई," विमल दाराच्या फटीतून म्हणाली.

फटीतून काळा धूर येत होता आणि त्या धुरात तिचं अर्धं तोंड दिसत होतं. डोळे लाल झालेले, केस कपाळाला चिकटलेले. अंगावर नुसता परकर आणि पोलकं. लुगड्यानं पेट घेतला म्हणून तिनं ते फेडून आत भट्टीपाशी टाकलं होतं.

"आधी बाहीर ये," मी म्हटलं. "लुगड्याचं मंग पाहू."

"मांगं पाहा तुमी."

मी मागं पाहिलं. धूर पाहून गल्लीतली माणसं भिंतीवरून आमच्या परसात उतरली होती. दोघातिघांच्या हातात पाण्याच्या बादल्या होत्या. बाकीच्यांच्या हातात मोबाईल होते आणि ते दाराकडे धरलेले होते.

कमरूनं आपली ओढणी काढून फटीत घातली. "हे घ्या बाई. लपेटा अन् निघा."

विमलनं ओढणी बाहेर ढकलली. "मंग तू काय घेशील?"

आणि तिनं दार ओढून घेतलं. आतून कडी पडलेली मी ऐकली.

मी जिन्याकडे निघाले. घरातून आणायचं तर पुढच्या दारापर्यंत वळसा होता, आणि धुतलेली लुगडी वर गच्चीवर वाळत होती.

विमल माझी घरमालकीण. अकोल्यात तिच्या घराची पुढची एक खोली माझ्याकडे भाड्यानं होती. मागच्या खोलीत तिची तळणाची भट्टी होती, तिथं मी कामाला होते. कमरू म्हणजे कमरुन्निसा, ती आमच्या जोडीला. तिघी मिळून शेव, पापडी, गाठी तळायचो आणि तो माल दुकानांत जायचा.

विमलला जाऊन वर्ष झालं तेव्हा बायकांच्या बचत गटानं तिचा फोटो लावला. भाषणाला आलेल्या बाई म्हणाल्या, विमलताईंनी अग्नीशी झुंज दिली. मी खाली सतरंजीवर बसले होते. माझी शाळा चौथीपर्यंत, मला उभं राहून बोलता येत नाही. म्हणून लिहिते. आगीशी तिची झुंज नव्हती. आग तिला चांगली कळायची, आणि त्या दिवशीची आग तिनं विझवलीही होती. तिला ज्यांनी मारलं त्यातले काहीजण त्या कार्यक्रमाला हार घेऊन आले होते.

विमल तेल्हाऱ्याकडची, माळ्याची लेक. लहानपणी बापाबरोबर बाजारात वांगी-मिरच्या विकायला बसायची. तिथला आवाज तिनं जन्मभर ठेवला. मला भिंतीपलीकडून मीठ मागायची तर सगळ्या गल्लीला कळायचं की विमलच्या घरी मीठ संपलं. नवरा ट्रकवर होता, तो ट्रकवरच गेला. एक मुलगा, नितीन. त्याला तिनं तळणाच्या जोरावर वाढवला, शिकवला, लग्न करून दिलं.

गोड बोलणं तिच्यात नव्हतं. जेवायची उभ्यानं. एका हातात भाकरी, भाकरीवर ठेचा, आणि डोळे कढईवर. आम्ही बसून जेवलो तर म्हणायची, "बसा बाप्पा, लग्नाच्या पंगतीले आल्या तुमी." शेव कितीही चांगली उतरली तरी "चालते" याच्यापुढं तिची जीभ जात नव्हती. घाणा करपला तर तो गिऱ्हाइकाला कधी दिला नाही, पण करपवणारीला दिवसभर सोडलंही नाही.

एकदा माझ्या उजव्या हातावर तेल उडालं. तिनं माझं मनगट धरलं आणि हात पाण्याच्या टाक्यात दाबून ठेवला. मी ओरडले तरी सोडला नाही. तेवढा वेळ ती मला शिव्या देत होती, की म्हातारी झाली, दिसत नाही, मरायलाच आली होती तर माझ्या घरी कशाला आली. हाताला फोड आला नाही. दुसऱ्या दिवशी मी दुखणं धरून पडले होते, तर दारात येऊन म्हणाली, "डावा हात तर आहे ना? पुड्या भरता येतात." मी गेले आणि डाव्या हातानं पुड्या भरल्या.

कमरू आमच्यात आली ती पिंजाऱ्यांच्या गल्लीतून. नवरा गाद्या भरायचा. पाठ धरल्यापासून त्याला काम होत नव्हतं. तिला कामावर घेतल्याचं कळलं तेव्हा माल घेणारा एक दुकानदार घरी आला आणि म्हणाला, "विमलबाई, तिच्या हातची शेव माह्या दुकानात लोकं घेतीन काय?"

विमल पापडी लाटत होती. तिनं वर पाहिलं नाही. "उकयत्या तेलातून निघाल्यावर कोनाची जात राह्यते, थे मले सांगा. अन् नसंन पटत तर तुमच्या घरी कढई आहे, तयून घ्या."

दुकानदार गेला आणि दुसऱ्या आठवड्यात परत आला, कारण तशी पापडी दुसरीकडे मिळत नव्हती. ही गोष्ट बचत गटाच्या बाईंनी भाषणात सांगितली, टाळ्या झाल्या. पुढची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. ती अशी की, पहिलं सारं वर्ष विमलनं कमरूला माठाला हात लावू दिला नाही. कमरू घरून बाटली आणायची. एक दिवस बाटली विसरली आणि तशीच तहानेली बसली. दुपारी विमलनं तांब्या भरून तिच्यापुढं आपटला, "मुकाट्यानं पी, नाई तं चक्कर येऊन कढईत पडशीन." त्या दिवसापासून कमरू माठातून पाणी घ्यायला लागली. चांगली होती की वाईट, हे मला कोणी विचारलं तर मी दोन्ही गोष्टी सांगते.

आता भट्टीचं सांगते, कारण पुष्कळांनी तशी पाहिलेली नसते. आमची भट्टी डिझेलवरची होती. बंद पडलेल्या एका हॉटेलातून विमलनं ती जुनी आणली होती. जाड लोखंडी पिंप, आत विटा लावलेल्या, वर कढई. भिंतीवर डिझेलचा डबा टांगलेला, डब्यातून खाली नळी, नळीला कॉक. दुसऱ्या अंगानं विजेचा पंखा आत हवा फेकतो. तेल आणि हवा जुळली की भट्टी घुमते आणि ज्योत स्वच्छ लागते. नाही जुळली की धूर. विमल भट्टीला म्हैस म्हणायची. सकाळी ज्योत नीट लागली की म्हणायची, "पान्हवली." नाही लागली की म्हणायची, "आज लाथा मारून राहिली."

त्या म्हशीपाशी बसायचे तिचे नेम होते. नायलॉन नेसून आलेल्या बाईला ती दारातून परत पाठवायची, सुतीच पाहिजे. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचायचं. पदर काढून कमरेला आवळायचा. "भट्टीपुढं पदर म्हंजे दिव्यातली वात," हे ती रोज एकदा तरी बोलायची. लाज वाटली म्हणून कोणी पदर खांद्यावर ठेवला तर स्वतः येऊन ओढायची. "इथी कोन पाहून राहिलं तुले? म्हैस पाह्यते?"

पाहत होते दुसरेच.

भट्टीच्या खोलीला एक दार होतं, ते परसात उघडायचं. एक खिडकी होती, ती बाजूच्या गल्लीवर. उन्हाळ्यात अकोल्याचं ऊन आणि त्यात भट्टी. आम्ही तिघी घामानं निथळत असायचो. खिडकी सदा सताड उघडी. एप्रिलात गल्लीतल्या पोट्ट्यांनी त्या खिडकीतून मोबाईलवर आमचा व्हिडिओ काढला. तिघी होतो, पण कढईपुढं विमल होती म्हणून जास्त तीच दिसत होती. गुडघ्यावर लुगडं, पदर नाही, वाकून झारा फिरवते आहे. त्याच्यावर पोट्ट्यांनी एक गाणं लावलं आणि दिलं पाठवून. दोन दिवसांत सगळ्या मोहल्ल्यात गेलं. मी तो व्हिडिओ पाहिला. त्यात तीन बाया काम करून राहिल्या आहेत, याच्यापलीकडे काही नाही. पण गाणं तसं होतं, आणि लोक हसत होते ते गाण्याला हसत नव्हते.

विमल त्यातल्या एका पोट्ट्याच्या घरी गेली. मी सोबत होते. पोट्ट्याचा बाप ओट्यावर पेपर वाचत बसला होता. विमलनं आवाज न चढवता सगळं सांगितलं. तिचा आवाज मी एवढा खाली गेलेला आधी ऐकला नव्हता. त्यानं पेपरची घडी केली आणि म्हणाला, "पोराले मी सांगतो. पन बाईच्या जातीनं पदर नीट घ्यावा, ताई. खिडकी उघडी ठेवायची अन् मंग लोकाईले नाव ठेवायचं, असं कसं होईन?"

मी वाट पाहिली की आता ही बोलेल. ती मागं फिरली. घरी आली.

संध्याकाळी नितीन आला. त्याच्या दोस्तांनी त्याला व्हिडिओ दाखवला होता. त्यानं पोट्ट्यांना जाब विचारला नाही. आईला विचारला. "तू तिथी अशी काहून बसतं? मले चार लोकांत तोंड दाखवाले जागा नाई राह्यली."

"मंग कशी बसू?" विमल म्हणाली. "शालू नेसून?"

"मले नाई माहीत. पन हे बंद झालं पाह्यजे."

तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. जेवला तो. भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलनं तेलाचा रिकामा डबा कापला, पत्रा सरळ केला आणि खिडकीला बाहेरून ठोकला. वर खाली, चारी बाजूंनी खिळे. कडेनं उजेडाची रेघ दिसत होती तिथं पोत्याचे तुकडे कोंबले. शेजारच्या गच्चीवरून परस दिसतो म्हणून दाराला नवी जाड कडी बसवली. काम सुरू झालं की कडी आतून लागायची. पदर मात्र तिनं आम्हाला कमरेलाच आवळायला लावला. त्यात तिनं बदल केला नाही. "आता कोनी पाहत नाई," म्हणाली.

आणि भट्टी धुरायला लागली.

पहिल्यांदा थोडी, मग रोजची. सकाळी ठीक असायची. तासाभरानं ज्योत लाल पडायची, मग टोकाला काळी व्हायची, कढईच्या बुडाला काजळी धरायची. आमची डोकी दुखायची. कमरूला मळमळायचं, एकदोनदा ओकलीही. परसात जाऊन उभं राहिलं की बरं वाटायचं. विमल म्हणायची पित्त आहे, लिंबू-पाणी घ्या. आम्ही घ्यायचो आणि परत आत जायचो.

दादाराव मिस्त्री भट्ट्यांचं काम करायचा, त्याला बोलावलं. तो येणार म्हटलं की विमल आम्हाला सरळ करायची. लुगडी खाली सोडा, पदर डोक्यावर घ्या, बाजूला उभ्या राहा. आणि दार पुरतं उघडायची, वर त्याला दगड लावायची. परका माणूस खोलीत आणि दार लोटलेलं, असं तिच्या घरी झालं नसतं. मिस्त्री भट्टी पेटवायचा. म्हैस अशी घुमायची की बघत राहावं. मिस्त्री बराच वेळ बसून पाहायचा, चहा प्यायचा, धूर नाही.

"बाई, हिले काहीच नाई झालं."

"तुमी गेले का धूर होते."

मिस्त्रीनं तरी नळी काढून साफ केली. पंख्याची पाती पुसली. छतातून गेलेल्या धुराड्यातली काजळी झाडली. डिझेलात भेसळ आहे म्हणाला, म्हणून दुसऱ्या पंपावरून आणलं. दर वेळी त्याच्यासमोर भट्टी चांगली, आणि तो गेला, आम्ही लुगडी खोचली, कडी लावली, की तासाभरानं धूर.

कमरू म्हणाली, "विमलबाई, मिस्त्री आला का म्हैस लाजते. थो गेला का धूर सोडते. त्याले इथीच खाट टाकून द्या ना."

"तुह्या घरी टाक," विमल म्हणाली, आणि हसली. तिला हसताना मी फार कमी पाहिलं. तेव्हा आम्ही तिघी हसलो. खोकत हसलो.

कमरूच्या थट्टेत सगळं होतं, पण ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. विमलनं भट्टीची नजर काढली, मीठ-मोहरी ओवाळून तिच्याच पोटात टाकली, डब्याला लिंबू-मिरची बांधली. त्यानं धूर कमी झाला नाही.

नंतर पोलिसांनी मिस्त्रीला विचारायला आणलं तेव्हा तो त्या खोलीत आला. पत्रा उपसून पडला होता, दार मोडलेलं होतं. त्यानं कडी हातात घेतली आणि मला विचारलं, "तुमी दार लावून पेटवत होत्या?"

"हो."

"खिडकीले हा पत्रा तवाही होता?"

"होता. तुमी आले तवाही होता. पन दार उघडं राह्यचं."

"मले कोनी सांगतलं नाई, बाई. आगीले हवा लागते. खोलीतली हवा म्हशीनं पिऊन टाकली, मंग ते काय करन? धूरच सोडन. अन् तुमीबी थेच हुंगत होत्या."

"तुमी विचारलं नाई," मी म्हटलं.

"बायाईले कसं विचारू, का दार लावता काय म्हनून?"

हे त्याचं बरोबर होतं. विचारलं असतं तर विमलनं त्याला परत घरात घेतलं नसतं.

आता मी अमरावतीला लेकीकडे असते. इथं मागच्या आळीत एका घरी तशीच भट्टी आहे. मी त्या बायांना जाऊन सांगून आले, आणि इथंही सांगते. भट्टी धुरली की नळी-पंखा मग पाहायचा, आधी कॉक बंद करायचा, पुरता. पंखा चालू असेल तर चालू राहू द्यायचा. दार-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर निघायचं. वीज गेली तर त्याच घडीला कॉक बंद, कारण पंखा थांबतो पण तेल थांबत नाही, ते आत साचतं. साचलं असेल तर भट्टी थंड होऊ द्यायची, फडक्यानं आतलं तेल टिपून काढायचं, मग पेटवायची. परत परत काडी लावायची नाही. कढईतल्या गरम तेलावर पाणी टाकायचं नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर ते पित्त समजायचं नाही. आणि खिडकी बंद करायची नाही. त्या बायांनी ऐकून घेतलं. त्यांच्यातली एक म्हणाली, "मावशी, खिडकी उघडी ठेवली तर समोरचा पानठेला दिसते." मी म्हटलं, दिसू दे. तिनं मान हलवली. खिडकी उघडली की नाही, मला माहीत नाही.

यातलं बहुतेक सगळं विमलला येत होतं. कॉकचं तिनंच आम्हाला शिकवलं होतं. एक खिडकीचं सोडलं तर.

तो दिवस दिवाळीच्या तोंडावरचा. माल सगळीकडून मागितलेला. सकाळपासून धूर होता आणि विजेचा लपंडाव चाललेला. वीज गेली की विमल कॉक बंद करायची, आली की टिपून, पेटवून परत सुरू. असं करता करता दुपार झाली. कढईत पापडीचा घाणा होता. वीज पुन्हा गेली, पंखा थांबला. विमलनं कॉकवर हात ठेवला, फिरवला, पण थोडा उघडा राहू दिला.

"बंद करा ना, बाई," कमरू म्हणाली.

"आता येते लाईन. एवढा घाना निघू दे."

धूर एवढा झाला की मला कमरू दिसेना. मी पदराचा बोळा तोंडाला लावला. कमरू म्हणाली, "मी दार उघडतो."

"थांब," विमल म्हणाली, "आधी पदर घ्या दोघी."

आम्ही पदर-ओढणी घ्यायला लागलो तेवढ्यात वीज आली. पंखा एकदम फिरला आणि साचलेल्या तेलावर हवा पडली. भट्टीच्या तोंडातून जाळ बाहेर आला, मोठा आवाज करून. विमल तोंडासमोर होती. तिच्या लुगड्याच्या ओच्यानं पेट घेतला. तिनं आरडाओरड केली नाही. गाठ सोडली, लुगडं फेडलं आणि पायानं दूर लोटलं. "निघा," म्हणाली. कमरूनं कडी काढली. मी बाहेर पडले, कमरू पडली. विमल तिसरी होती. तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला होता. तेवढ्यात माणसं भिंतीवरून उतरली आणि तिनं पाय मागं घेतला.

तिथून पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे.

मी गच्चीवर गेले. माझे गुडघे काय आहेत ते मला माहीत. दोरीवर हाताशी विमलच्या सुनेची साडी होती, ती ओढली आणि खाली आले. मी येईपर्यंत कमरू दारावर हात आपटत होती. "बाई, कडी काढा. शेवंताबाई लुगडं घेऊन आल्या. बाई, काढा." आतून उत्तर नव्हतं. बादलीवाल्यांनी दाराला खांदे लावले. ती कडी विमलनं जाड पाहून आणली होती. मग कोणीतरी पहार आणली. एकजण गल्लीतून खिडकीकडे गेला आणि पत्रा उपसायला लागला. खिळे लवकर निघाले नाहीत. पत्रा पडला तेव्हा खिडकीतून धुराचा लोट गल्लीत आला आणि लोक मागं सरले. दार त्याच्यानंतर मोडलं.

एकाची बादली कढईवर जाणार होती. कमरूनं त्याचा हात धरला.

पण पाण्याची गरजच नव्हती. खोलीत आग नव्हती. कॉक पुरता बंद होता. भट्टीच्या तोंडावर ओलं पोतं टाकलेलं होतं. कढईवर मोठं ताट झाकलेलं होतं. जे करायचं असतं ते सगळं विमलनं केलं होतं, आणि नीट केलं होतं.

ती खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती. भाजलं म्हणावं तर पिंढरीवर हाताएवढा डाग, बाकी अंग चांगलं. अर्धं जळलेलं लुगडं तिनं परत उचललं होतं आणि अंगाला गुंडाळायला घेतलं होतं. कमरेला पुरलं होतं, वर पुरलं नव्हतं. उरलेलं टोक तिच्या मुठीत होतं.

मी साडी तिच्यावर टाकली. पायापासून डोक्यापर्यंत टाकली. मागं पाहिलं नाही, पण दारातून कोणीतरी अजूनही मोबाईल धरला होता हे मला कमरूच्या शिव्यांवरून कळलं. कमरू उर्दूत शिव्या देते तेव्हा थांबत नाही.

नितीन कामावरून आला तेव्हा तिला रिक्षात घातलं होतं. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, भाजल्यानं काही झालं नाही, धुरानं झालं. बाहेर आली असती तर घरी जाऊन जेवली असती.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही तिघी होतो. मी जगले आणि कमरू जगली.